शस्त्रक्रियेविना स्तन खरोखर उचलले जातात का?

वाचक भगिनीचे पत्र (सारांश): माझे वय ३८ असून मी नाशिकला नोकरी करते. मला दोन मुले आहेत आणि दोघांनाही मी दीड ते दोन वर्षे अंगावर पाजले. धाकटा आता सहा वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात नियमित चालून आणि जेवणावर ताबा ठेवून मी १६ किलो वजन कमी केले. त्याचा आनंद आहे, पण त्यानंतर छाती एकदम ओघळल्यासारखी आणि रिकामी दिसू लागली आहे. डाव्या बाजूला हे जास्त जाणवते, गेल्या तीन-चार महिन्यांत तर अधिकच. शहरातल्या एका सौंदर्य क्लिनिकने ‘विनाशस्त्रक्रिया ब्रेस्ट लिफ्ट’चे पॅकेज सांगितले आहे: रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सहा बैठका, दोनदा पीआरपीची इंजेक्शने आणि शेवटी कातडीखाली ओवायचे धागे, असे मिळून ७० हजार रुपये. मी ५ हजार आगाऊ भरले आहेत. यजमान याबद्दल कधी काही बोललेले नाहीत, पण त्यांना न सांगता, माझ्या ठेवीतून हे करावे असे वाटते. धाकटी बहीण गरोदर आहे. माझ्यासारखे होऊ नये म्हणून तिला ‘सहा महिन्यांपलीकडे पाजू नकोस’ असे मी सांगून ठेवले आहे. हे उपचार घ्यावेत का, की या वयात हा वेडेपणा आहे?

उत्तर:

तुमच्या इच्छेत वेडेपणा काही नाही. वर्षभर कष्ट करून वजन उतरवलेल्या बाईला आरशात नवे शरीर पाहताना जे आवडते त्याचा आनंद होतो, आणि जे आवडत नाही ते खुपतेही. मात्र पॅकेजच्या प्रश्नाआधी मला तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीकडे यायचे आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: डाव्या बाजूला तीन-चार महिन्यांत अधिक जाणवणारा फरक.

दोन्ही स्तन तंतोतंत सारखे असणे हाच खरे तर अपवाद आहे, आणि वजन उतरल्यावर आधीपासून असलेला फरक ठळक दिसू लागतो, तसेच तुमच्या बाबतीत झाले असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही एका बाजूचा आकार अलीकडे बदलला असेल तर सौंदर्य क्लिनिकच्या आधी जनरल सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. गाठ लागणे, कातडी एखाद्या जागी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसणे, पूर्वी बाहेर असलेले स्तनाग्र आत वळणे, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ जाणवणे, यांपैकी काहीही असेल तर ही भेट याच आठवड्यात व्हावी. साध्या हातांनी केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी लागेल का, हे तपासणारे डॉक्टर ठरवतील. तोवर त्या जागी यंत्र, सुई किंवा धागा लावू देऊ नये.

आता तुमच्या पत्रामागच्या एका गृहीतकाविषयी, कारण ते तुमच्यापुरते राहिलेले नाही, तुमच्या बहिणीपर्यंत पोहोचले आहे. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटतच नाही. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी, गरोदरपणानंतर स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांकडे पाहून हा प्रश्न तपासला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाजलेल्या आणि न पाजलेल्या स्त्रियांमध्ये त्यांना ओघळण्याचा फरक आढळला नाही. संबंध दिसला तो वाढत्या वयाशी, अधिक वजनाशी, गरोदरपणांच्या संख्येशी, मूळच्या मोठ्या आकाराशी आणि धूम्रपानाशी. हा अभ्यास शंभराहून कमी स्त्रियांचा होता, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द म्हणता येणार नाही, पण शरीराची रचना पाहिली तर तो पटण्यासारखा आहे. दूधग्रंथी वाढतात त्या गरोदरपणात. कातडी ताणली जाते ती तेव्हाच. बाळाला एक दिवसही न पाजणाऱ्या स्त्रीच्या बाबतीतही हे होतेच. म्हणून बहिणीला आजच फोन करून तो सल्ला मागे घ्या. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि स्तनांच्या आकाराच्या भीतीने ती मोडण्याचे काहीच कारण नाही.

मग तुमच्या बाबतीत नेमके झाले काय? स्तनात उचलून धरणारा स्नायू नसतो. छातीचा मोठा स्नायू स्तनाच्या मागे असतो, आत नव्हे. स्तनाचा आकार टिकतो तो दूधग्रंथी, चरबी, त्यांच्यामधून कातडीपर्यंत गेलेले तंतुमय बंध आणि बाहेरची कातडी या सगळ्यांच्या एकत्रित आधाराने. या बंधांचे वर्णन इंग्लंडमधील शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये केले, म्हणून ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. दोन गरोदरपणांत हे बंध आणि कातडी ताणली गेली, पाजणे थांबल्यावर ग्रंथी आक्रसल्या, आणि आता १६ किलो वजनासोबत आतली चरबीही गेली. कापूस काढून घेतलेल्या उशीचा अभ्रा जसा तेवढाच राहतो, तशी कातडी मात्र होती तेवढीच राहिली. म्हणजे तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत: आतला भरीवपणा कमी होणे आणि प्रत्यक्ष खाली येणे. कोणताही उपचार निवडताना, तो यांपैकी कशावर आहे, हे विचारावे लागते.

प्रत्यक्ष किती खाली आले आहे, याचा अंदाज घरीही घेता येतो. माँट्रियलच्या शल्यचिकित्सक पोल रेन्यो यांनी १९७६ मध्ये मांडलेली मोजणी जगभर वापरली जाते. आरशासमोर हात सैल सोडून सरळ उभे राहावे आणि स्तनाखालची घडी जिथे छातीला मिळते त्या उंचीशी स्तनाग्राची उंची ताडून पाहावी. स्तनाग्र घडीच्या पातळीला किंवा जेमतेम सेंटिमीटरभर खाली असेल तर ओघळणे सौम्य, एक ते तीन सेंटिमीटर खाली असेल तर मध्यम, आणि त्याहून खाली जाऊन जमिनीकडे वळले असेल तर तीव्र मानतात. स्तनाग्र घडीच्या वरच आहे, फक्त खालचा भाग लोंबतो आहे, असेही अनेकींच्या बाबतीत असते. स्तनाखाली पेन्सिल धरून ती अडकते का पाहण्याची जी चाचणी मैत्रिणींमध्ये फिरते, तिच्यावर विसंबू नका. भरीव आणि निरोगी स्तनाखालीही पेन्सिल अडकते.

क्लिनिकच्या पॅकेजकडे या मापातून पाहू. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि केंद्रित अल्ट्रासाउंड ही दोन्ही यंत्रे कातडीच्या खोल थरात उष्णता पोहोचवतात, त्यामुळे तिथले कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारे प्रथिन, काहीसे आकसते आणि पुढच्या काही महिन्यांत नवे तयार होते. चेहऱ्यावर किंवा गळ्यावर याचा सौम्य परिणाम दिसतो, हे खरे आहे. अशाच एका अल्ट्रासाउंड यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये परवानगी दिली ती गळ्याखालच्या, छातीच्या वरच्या भागावरील सुरकुत्यांसाठी, स्तन उचलण्यासाठी नव्हे. कारण उघड आहे: काही मिलिमीटर जाडीच्या कातडीला थोडा ताठरपणा आला, तरी तिच्याआड लोंबणारे शेकडो ग्रॅम वजन तेवढ्याने वर जात नाही, आणि जास्तीची कातडी नाहीशीही होत नाही. मोजपट्टीवर काही दिसलेच तर ते मिलिमीटरांत असते, तेही टिकाऊ नसते, म्हणून मग वर्षाकाठी ‘मेंटेनन्स’ बैठका सांगितल्या जातात. सहा बैठकांनंतर स्तनाग्र किती सेंटिमीटर वर येईल, एवढा एकच प्रश्न तुम्ही क्लिनिकला लेखी विचारलात, तर उत्तरावरून बरेच कळेल.

पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेट्स असलेला भाग वेगळा करून टोचणे. केसांसाठी आणि सांध्यांसाठी त्याचा वापर आणि त्याबद्दलचा वाद, दोन्ही चालू आहेत; स्तन उचलण्यासाठी त्याचा भरवशाचा पुरावा नाही. लगेच दिसणारा भरीवपणा बऱ्याचदा टोचलेल्या द्रवाचा आणि सुजेचा असतो, आणि तो ओसरतो. धाग्यांबद्दल अधिक सावध राहा. पीडीओ नावाचे हे धागे काही महिन्यांत शरीरात विरघळतात. हलक्या चेहऱ्यासाठीदेखील त्यांचा परिणाम मर्यादित काळाचा असतो, मग स्तनाचे वजन त्यांनी किती पेलावे? वर कातडीत खळगे पडणे, धागा हाताला लागणे, जंतुसंसर्ग होणे, हे धोके आहेतच. पॅकेजच्या तीन भागांपैकी एकही भाग तुमच्या मूळ तक्रारीपर्यंत पोहोचत नाही, असे माझे मत आहे, आणि तीन अपुरे उपाय एकत्र केल्याने एक पुरा उपाय तयार होत नाही.

तुमच्या पॅकेजमध्ये नसले, तरी इतर वाचकांना सांगितले जाते म्हणून भरावाच्या इंजेक्शनांविषयीही लिहिते. हायल्युरोनिक ॲसिडचा ‘मॅक्रोलेन’ हा भराव युरोपात स्तनांसाठी वापरला जाऊ लागला होता. मॅमोग्राफी वाचताना अडथळा येतो, या चिंतेमुळे २०१२ मध्ये त्याचा स्तनांसाठीचा वापर कंपनीनेच थांबवला. पॉलिॲक्रिलामाइड जेलच्या इंजेक्शनांनी चीनमध्ये इतक्या स्त्रियांना गाठी, संसर्ग आणि वेदना दिल्या की तिथल्या सरकारने २००६ मध्ये ते बंदच केले. पातळ सिलिकॉन टोचून घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट इशारे दिलेले आहेत. सुईने होणारे काम म्हणून ते किरकोळ, हा समज इथे सर्वांत महागात पडतो, कारण टोचलेले पदार्थ पसरल्यावर शस्त्रक्रियेनेही पुरते काढता येत नाहीत.

मलमे, तेले आणि पार्लरमधले हवा ओढणारे कप यांच्यावर फार शब्द खर्च करावेत असे नाही. तेलाने कातडी मऊ होते आणि कपाने तात्पुरती सूज येते, इतकेच. तुम्हाला कदाचित आश्चर्य वाटेल, पण आपल्याकडे १९५४ च्या ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्याच्या परिशिष्टात ज्या गोष्टींवर औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्त्रीच्या स्तनांचा आकार आणि रचना यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तरी रोज मोबाइलवर अशा बरण्या दिसतात, तो भाग वेगळा.

क्लिनिकने तुम्हाला आधीची आणि नंतरची छायाचित्रेही दाखवली असतील. ती पुन्हा पाहाल तेव्हा खांद्यांकडे आणि कोपरांकडे लक्ष द्या. दुसऱ्या चित्रात हात जरासे मागे किंवा वर घेतलेले असतील, पाठ ताठ असेल, कॅमेरा थोडा खाली असेल, तर स्तनाग्र दोन सेंटिमीटर सहज वर दिसते. तुम्ही स्वतः आरशासमोर दोन्ही हात डोक्यामागे नेऊन पाहिलेत तर हे एका पैशाच्या खर्चाविना कळेल.

यातून उपयोगाची गोष्टही निघते: उभे राहण्याची ढब. वजन जास्त असताना अनेक स्त्रिया छाती लपवण्यासाठी खांदे पुढे झुकवून चालतात आणि वजन उतरल्यावरही ती सवय सुटत नाही. पाठीचे आणि खांद्यांमागचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, भिंतीवरचे आणि पुढे जमिनीवरचे दंड, हलके डंबेल्स, हे आठवड्यातून दोन-तीनदा केल्यास छातीमागचा स्नायू थोडा भरतो आणि ठेवण सुधारते. स्तन स्वतः वर जात नाहीत, हे मनात धरूनच करावे. मग निराशा होणार नाही, आणि उतरवलेले वजन टिकायलाही त्याची मदत होईल.

आणि ब्रा. मला शंका आहे की १६ किलो वजन उतरल्यावर तुम्ही कुर्ते नवे शिवले, पण ब्रा अजून जुन्याच मापाच्या आहेत. बहुतेकींचे असेच होते. आधाराचा मोठा वाटा खांद्यावरच्या पट्ट्यांचा नसून छातीभोवतीच्या पट्ट्याचा असतो; तो पाठीवर वर सरकत असेल तर तो सैल आहे. पट्टा जमिनीला समांतर राहावा, त्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत, कपाच्या वरच्या भागात पोकळी राहू नये आणि कडेने काही बाहेर येऊ नये. नवी ब्रा शेवटच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर नीट बसेल अशी घ्यावी, म्हणजे इलॅस्टिक ढिले पडल्यावर आतले हुक वापरता येतात. जलद चालताना आणि धावताना स्पोर्ट्स ब्रा हवी, कारण तेव्हा स्तन केवळ वरखाली नव्हे, तर बाजूंना आणि पुढेमागेही हलतात आणि त्यानेच दुखतात. ब्रा घातल्याने ओघळणे कायमचे थांबते किंवा न घातल्याने वाढते, यापैकी कोणताही दावा पुराव्याने पक्का झालेला नाही. पण कपड्यांतून दिसणारा फरक मात्र चांगल्या मापाच्या दोन ब्रांनी जेवढा पडतो तेवढा ७० हजारांच्या पॅकेजने पडेल असे मला वाटत नाही. स्तनाखालच्या घडीत घामाने पुरळ उठत असेल, खाज किंवा वास येत असेल, तर ती जागा कोरडी ठेवावी, सुती कापड वापरावे आणि पावडरींचा मारा न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, कारण तिथे बऱ्याचदा बुरशीचा संसर्ग असतो आणि तो मलमाने बरा होतो.

एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही, असेही होऊ शकते, आणि तेही रास्त आहे. ओघळलेले स्तन खरोखर वर नेणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे शस्त्रक्रिया. तिला मास्टोपेक्सी म्हणतात. तिच्यात जास्तीची कातडी काढून स्तनाग्र वरच्या जागी आणले जाते आणि आतल्या ऊतीला नवा आकार दिला जातो. भरीवपणा हवा असेल तर इम्प्लांटचा किंवा स्वतःच्या चरबीचा वेगळा विचार करावा लागतो. वण राहतात: स्तनाग्राभोवती, तिथून खाली घडीपर्यंत, आणि ओघळणे तीव्र असेल तर घडीच्या रेषेतही. भूल, रक्तस्राव, संसर्ग, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, पुढे पाजण्यात अडचण येणे, हे धोके सर्जनने न विचारता सांगायला हवेत. परिणाम वर्षानुवर्षे टिकतो, पण वय आणि गुरुत्वाकर्षण नंतरही आपले काम करतच राहतात. आरोग्य विमा याचा खर्च सहसा देत नाही. तुम्हाला आणखी मूल नको असेल आणि वजन किमान सहा महिने स्थिर राहिले असेल, तरच याचा विचार करावा; आणखी पाच किलो उतरवायचे मनात असेल तर थांबावे. ज्या वाचकांचे पाजणे नुकतेच सुटले आहे, त्यांनीही काही महिने जाऊ द्यावेत, कारण आकार तेवढ्या काळात आपोआप बदलत असतो. सर्जनच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का ते पाहा, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे ती पदवी नव्हे.

यजमानांना सांगावे की नाही? शरीर तुमचे आहे, ठेवही तुमची आहे, आणि परवानगी मागण्याचा प्रश्न इथे येत नाही. तरीही लपवून करण्यात एक व्यवहारी धोका मला दिसतो. दुसऱ्या दिवशी ताप आला, सूज वाढली, जखमेतून पू आला, तर गुपित फुटेल या संकोचाने बायका दवाखान्यात जायला दोन दिवस उशीर करतात. घरात निदान एका माणसाला, नवरा नसेल तर बहिणीला, माहीत असल्याशिवाय शरीरात सुई किंवा सुरी जाऊ देऊ नये. शिवाय तुम्ही लिहिता की ते कधी काही बोललेले नाहीत. त्या न बोलण्यात नापसंती आहे, हे तुम्हीच धरून चालला आहात. त्यांना हे ठाऊकही नसेल, किंवा वर्षभरात तुमच्यात झालेला बदल त्यांना मनापासून आवडला असेल. विचारल्याखेरीज कसे कळणार? या विचारापायी तुम्ही कपडे बदलताना दिवा मालवत असाल, प्रवास आणि लग्नसमारंभ टाळत असाल, दिवसातून पुन:पुन्हा आरसा पाहत असाल, तर समुपदेशकाशी चार वेळा बोलणे हे कोणत्याही उपचाराच्या आधी करावे. जिची बेचैनी शरीरापेक्षा मोठी झालेली असते, तिला यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही समाधान मिळत नाही, हे चांगले सर्जन जाणतात आणि म्हणून आधीच तसे प्रश्न विचारतात.

राहिले ते आगाऊ भरलेले ५ हजार. ते गेले तर गेले, पण ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी ६५ हजार घालू नका. पावती हाती असेल तर क्लिनिकला ईमेलने किंवा लेखी अर्जाने कळवा की उपचार सुरू झालेला नाही, तुम्ही तो घेणार नाही आणि रक्कम परत हवी आहे. अर्जाची पोच घ्या. फोनवर ‘मॅडम, दुसऱ्या सर्व्हिसमध्ये ॲडजस्ट करू’ असे सांगितले जाईल, त्याला होकार देऊ नका. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पॅकेजचा कागद आजच एका ठिकाणी जपून ठेवा.